सिंगरौलीच्या उघड्या खाणी

वाराणसीच्या घाटांवर सायंकाळी जी आरती होते तिच्या दिव्यांतील तूप कोठून येते, हे कोणीही भाविक सांगू शकेल. परंतु त्याच वेळी घाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीबोळांतून आणि दुकानांतून जे विजेचे दिवे लागतात, त्यांचा उगम सहसा कोणी विचारीत नाही. तो शोधावयाचा तर काशीहून दक्षिणेकडे, विंध्याची रांग आणि शोण नदी ओलांडून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर जावे लागते. पूर्वीच्या मिर्झापूर जिल्ह्याचा हा दक्षिण भाग 1989 पासून सोनभद्र या नावाने वेगळा जिल्हा झाला आहे. त्याला लागूनच मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्हा आहे. ओबरा, अनपरा, शक्तिनगर, विंध्यनगर ही तेथील वीजकेंद्रांची गावे होत. शक्तिनगरचे केंद्र 1982 मध्ये सुरू झाले, तर विंध्याचल केंद्राची क्षमता आज 4,760 मेगावॅट आहे. या साऱ्यांच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा त्यांच्या दाराशीच निघतो.

हा कोळसा गोंडवाना काळातील, म्हणजे आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशाचाच भाऊबंद होय. मात्र येथे निसर्गाने हात सैल सोडलेला दिसतो. झिंगुरदा येथील थराची जाडी शंभर मीटरांहूनही अधिक आहे. एवढा जाड थर जमिनीपासून फार खोल नसेल, तर बोगदे खोदून माणसे खाली उतरविण्याची गरज उरत नाही. वरचे आवरणच काढून टाकले की झाले. प्रथम जंगल तोडावयाचे, मग वरची सुपीक माती खरवडावयाची, त्याखालचा वालुकाश्म सुरुंगाने फोडावयाचा आणि ड्रॅगलाइन नावाच्या अजस्र यंत्राने तो बाजूस टाकावयाचा. या यंत्राची बादली एका खेपेस 24 घनमीटर दगडमाती उचलते. भुयारी खाणीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचे खांब तसेच सोडावे लागतात. उघड्या खाणीत जवळजवळ सर्व कोळसा हाती लागतो आणि खर्चही कमी येतो. 1985 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या सर्व खाणी या पद्धतीच्याच आहेत. 2018-19 मध्ये तिचे वार्षिक उत्पादन 10 कोटी टनांच्या पुढे गेले.

हा झाला हिशेबाचा एक रकाना. दुसरा रकाना सहसा कोरा ठेवला जातो. एक टन कोळशासाठी तीन-चार घनमीटर दगडमाती हलवावी लागते, आणि ती कोठेतरी टाकावीच लागते. म्हणून सिंगरौलीत मूळच्या डोंगरांशेजारी नवे डोंगर उभे राहिले आहेत. पावसाळ्यात त्यांची माती ओढ्यानाल्यांत उतरते. खाणीचा तळ विहिरींच्या तळापेक्षा खोल गेला की भोवतालचे पाणी खाणीकडे धाव घेते आणि गावाची विहीर आटते. जमीन खाणीत गेली त्याला मोबदला मिळतो, निदान मागता तरी येतो. परंतु जमीन राहिली आणि पाणी गेले, त्याने कोणाकडे जावे?

येथील विरोध समजून घ्यावयाचा तर खाणींच्याही मागे जावे लागते. 1954 मध्ये रिहंद धरणाची पायाभरणी झाली. 1962 मध्ये धरण पुरे झाले तेव्हा गोविंद वल्लभ पंत सागराच्या पोटात शंभराहून अधिक गावे गेली होती. उठलेली माणसे आसपासच्या रानात वसली. पुढे त्याच रानाखाली कोळसा आहे म्हणून, काहींना खाणींसाठी, काहींना वीजकेंद्रांसाठी, तर काहींना राखेच्या तलावांसाठी पुन्हा उठावे लागले. 1957 च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्यात सरकारने अधिसूचना काढली की जमीन सरकारची होते. तीत गावाची संमती विचारण्याची तरतूद नव्हती. आज मोरवा हे भरवस्तीचे गावच खाणीच्या विस्तारासाठी हलविण्याचे घाटत आहे. तेथे राहणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घराण्यांत विस्थापन ही जणू वडिलोपार्जित मिळकत झाली आहे.

तरीही माणसे गप्प बसली नाहीत. 1997 मध्ये सिंगरौलीच्या रहिवाशांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. वीज महामंडळाच्या राखेच्या तलावांसाठी होणाऱ्या पुनर्वसनात बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असे तिचे म्हणणे होते. मंडळाला प्रत्यक्ष स्थळी जाऊन चौकशी करण्याची मुभा मिळाली नाही. तथापि केवळ कागदपत्रांच्या छाननीवरूनही त्याला नियमभंग झाल्याचे आढळले.

याहून गाजले ते महानच्या जंगलाचे प्रकरण. सिंगरौली जिल्ह्यातील या सालवनाखालचा कोळसाखंड 2006 मध्ये एस्सार आणि हिंडाल्को या दोन कंपन्यांना मिळून देण्यात आला. सुमारे 1,200 हेक्टर जंगल त्यासाठी तोडावे लागणार होते. कोळसा मात्र 14 वर्षांपुरताच पुरेल, असा हिशेब खुद्द पर्यावरण मंत्रालयात मांडला गेला होता. त्या जंगलावर गोंड, खैरवार आदी समाजांचा चरितार्थ चालतो. चैत्रात पहाटे उठून झाडाखालची मोहाची फुले वेचावयाची, उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडून त्यांच्या गड्ड्या बांधावयाच्या, हे त्यांचे रोकड उत्पन्न होय. सातबाऱ्यासारख्या कोणत्याही कागदावर ते दिसत नाही, म्हणून भरपाईच्या वेळी ते मोजलेही जात नाही.

2006 च्या वनाधिकार कायद्याने हे हक्क मान्य केले, आणि जंगल देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरली. अमिलिया गावची ग्रामसभा मार्च 2013 मध्ये झाली आणि ठराव खाणीच्या बाजूने लिहिला गेला. ठरावाची नक्कल हाती येताच गावकरी चकित झाले. सभेला न आलेल्यांच्या, इतकेच नव्हे तर मृतांच्याही सह्या तीवर आहेत, असा त्यांनी आरोप केला. (एरवी मृतांना शिधापत्रिकेवरून वगळण्यात किती तत्परता दाखविली जाते!) महान संघर्ष समितीने पुन्हा सभा घेण्याची मागणी लावून धरली. असे असूनही फेब्रुवारी 2014 मध्ये खाणीला अंतिम वनमंजुरी मिळाली.

पुढची कलाटणी अनपेक्षित बाजूने आली. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील 214 कोळसाखंडांची वाटपे रद्द केली, त्यांत महानही होते. कारण वाटपाच्या पद्धतीचे होते. जंगलाचे किंवा ग्रामसभेचे नव्हे. परंतु मार्च 2015 मध्ये नव्या लिलावातून महान वगळण्यात आले, त्यामागे मात्र जंगलाचा विचार होता. महाराष्ट्रातील वाचकाला येथे ताडोबाच्या लगतच्या लोहारा खंडाची आठवण व्हावी. तेथेही 2009 मध्ये चंद्रपूरकरांनी उपोषणापर्यंत जाऊन विरोध केला आणि खाणीला परवानगी मिळाली नाही.

विरोध करणारे सारेच काही कोळशाचे शत्रू नाहीत. सिंगरौलीत कित्येक घरांतील एक भाऊ खाणीत डंपर चालवितो आणि दुसरा मोर्चात असतो. नोकरी किती जणांना, किती वर्षे, आणि खाण संपल्यावर त्या खड्ड्याचे काय, हे त्यांचे प्रश्न आहेत. महानचा निर्णय एका खंडापुरता होता. शेजारच्या रानांखालीही कोळसा आहे, आणि अमिलियाच्या मंडळींना ते चांगले ठाऊक आहे. त्यांच्याकडे अजूनही चैत्र लागला की पहाटे टोपल्या घेऊन बायका मोहाखाली जातात.