दोन पडद्यांमधली गिटार

साताऱ्याहून दाजींचा फोन आला तेव्हा मी सांगलीत गिटारच्या तारा बदलत बसलो होतो. "पाव्हणं, तुमच्या भाच्यानं गिटार शिकायला व्हिडिओ गेम मागितलाय. गिटार शिकायचीय का गेम खेळायचाय, एकदा काय ते ठरव म्हणावं."

दाजींच्या डोळ्यांसमोर होता 'गिटार हीरो'. २००५ साली आलेला हा गेम म्हणजे प्लास्टिकची गिटार, तिच्या मानेवर पाच रंगीत बटणं आणि तार एकही नाही. त्यात कितीही तरबेज झालात तरी खरी गिटार हातात आली की पुन्हा पहिलीत बसायचं. लय जरा पक्की होते, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

भाच्यानं मागितलेला 'रॉकस्मिथ' वेगळा. युबीसॉफ्टनं २०११ मध्ये काढलेल्या या गेमला खरी गिटारच लागते. वायरीचा जाड जॅक गिटारमध्ये खोचायचा, दुसरं टोक यूएसबीत. प्रत्येक तारेला एक रंग ठरलेला: सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार लाल, पाचवी पिवळी, चौथी निळी. त्या रंगाचा ठोकळा पडद्यावरून पुढे सरकत येतो आणि वेळेवर ती तार छेडायची. नीट जमायला लागलं की गेम आपणहून जास्त स्वर टाकतो, चुकायला लागलात की कमी करतो. तारा मात्र पोलादीच असतात आणि बोटांना घट्टे पडायचे ते पडतातच.

गिटार इलेक्ट्रिकच हवी का? वायरीनं जोडायची असेल तर पिकअप हवा. चुंबकी पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांमध्ये किंचित वीज उमटते. म्हणून नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला असला पिकअप लावून काही ऐकू येत नाही. साध्या, पोलादी तारांच्या अकूस्टिकला लावला तर चालतो. २०२२ मध्ये आलेला 'रॉकस्मिथ प्लस' तर मोबाइलच्या माइकवरूनही ऐकतो.

"मी बरोबर वाजवतोय, गेमच चूक दाखवतो" ही भाच्याची पुढच्याच आठवड्यातली तक्रार. दोष ना त्याचा ना गेमचा. तो कानाला ब्लूटूथ हेडफोन लावून बसला होता. मिरवणुकीत लांबून बघताना ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि ठोका मागाहून पोचतो, तसलाच प्रकार. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तीन मीटरवरच्या ॲम्पबद्दल कुणी कुरकुरत नाही. ब्लूटूथ मात्र सहज १०० ते २०० मिलिसेकंद खातं. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद मिळतात, त्याचा पाव हिस्सा १२५. म्हणजे पोराला गाणंच पाव मात्रा उशिरा ऐकू येतं, तो त्याच्याबरोबर छेडतो आणि गेमच्या हिशेबात मागे पडतो. वायरीचे हेडफोन घेतले, टीव्हीवर 'गेम मोड' लावला, भांडण मिटलं.

आता खरा गैरसमज. गेम सगळ्या चुका पकडतो, मग मास्तर कशाला?

गेम दोनच गोष्टी तपासतो: स्वर आणि वेळ. पाचवी तार मोकळी छेडली तर कंपनं सेकंदाला ११०. सहावी तार पाचव्या पट्टीवर दाबून छेडली तरी ११०च. पडद्यावर पिवळा ठोकळा असताना तुम्ही लाल तारेवर वाजवलंत तरी गेम बहुतेक वेळा खूश. तुमचा अंगठा कुठे आहे, मनगट किती वाकलंय, खांदा कानाला टेकलाय का, यातलं त्याला काहीच दिसत नाही. मी सहा महिने शाबासक्या मिळवत वाजवलं आणि मनगट धरून बसलो. शेवटी एका शिक्षकांकडे गेलो. गिटारचा आवाजही निघायच्या आत ते म्हणाले, "अंगठा खाली घ्या. मान आवळू नका, टेकवा."

साठ दिवसांत गिटार शिकायचं गेमच्या जाहिरातीतलं आव्हानही याच हिशेबात बघावं. रोज तासभर धरला तर होतात साठ तास. तेवढ्यात दोन-चार गाणी बसतात, बोटं सरावतात. आमच्या भागात साठ तासांत कुणाचा साधा अलंकारही सुटत नाही, तेव्हा याला फसवणूक म्हणू नये, आणि शिकून झालं असंही म्हणू नये.

"यंत्रापुढे कसला रियाज?" असं नाक मुरडणाऱ्यांना मी हळूच विचारतो, की घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबल्याचं यंत्र आहे ना? त्यांच्यासमोर बसून आपण पिढीभर गातोच आहोत. गेममधला एक भाग तर अगदी त्याच कामाचा आहे: अवघड तुकडा निवडायचा, लय कमी करायची आणि तोच फिरवत बसायचं. नुसतं पडद्याकडे बघायची सवय लागते हा आक्षेप खरा आहे, पण 'रॉकस्मिथ २०१४' आवृत्तीत त्यावर उतारा होता. गाणं पक्कं होत गेलं की ठोकळे पुसट होत दिसेनासे व्हायचे आणि आठवणीनं वाजवावं लागायचं.

आपल्या संगीताला या गेमचा उपयोग नाही, असंही म्हणतात. गाण्यांची यादी बघितली तर बरोबर. पण त्याच २०१४च्या आवृत्तीत सुरावली निवडून साथीच्या बँडबरोबर मोकळं वाजवायची सोय आहे. डोरियन निवडा, ते काफी थाटाचे स्वर. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. थाट म्हणजे राग नव्हे, चलन आपलं आपणच आणायचं. शिवाय गिटारच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या, सितारीचे पडदे बांधलेले असतात आणि सरकवता येतात.

पडदा हा शब्द मिरजेत टीव्हीआधी सितारीचा. तिथली सितार आणि तानपुरा, दोन्हींनाही २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मागच्या महिन्यात भाचा सुट्टीला आला तेव्हा त्याला तिथल्या सतारमेकर गल्लीत नेलं. एक कारागीर तानपुऱ्याची घोडी कानसत होते: दोन हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा दोन हात. जवारी लावणं चाललं होतं. त्या घोडीवरून तारेचा जो गुंजारव उठतो त्यासाठी हा सगळा खटाटोप. गिटारमध्ये तार पट्टीला घासून तशी झणझणली तर तो दोष. दोन्ही वेळा कंपनसंख्या तीच, त्यामुळे गेमच्या लेखी स्वर बरोबरच.

घरी आल्यावर भाच्यानं गेम बंद ठेवून तेच गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. गेमनं त्याला ९६ टक्के दिले होते. त्यानं दोनदा ऐकलं, मग म्हणाला, "मामा, तिसरी तार झणझणतीय. हे आधीपासून होतं?"