बसणं वेगळं, मानवणं वेगळं

‘तीन बारीक पेन्सिल सेलवर चालणारी छोटी बॅटरी आहे. सेल फार लागतात. चार्ज होणारे कोणते सेल घालता येतील? खर्च फार नको.’ पावसाळ्यात लाइट जायला लागली की हा प्रश्न वाचकांकडून हमखास येतो. यातली ‘बॅटरी’ म्हणजे अर्थातच टॉर्च. मराठीने सेलला सेलच ठेवलं आणि तो ज्यात बसतो त्या नळकांड्याला बॅटरी म्हटलं. ‘विजेरी’ हा सुंदर शब्द हाताशी असूनही गावोगाव रूढ झाली ती बॅटरीच.

सोपं उत्तर आधी देतो. त्याच मापाचे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आणा आणि बिनधास्त घाला. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे तिघांचे ३.६. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तेव्हा भागतं. पण चौकस माणूस इथे थांबत नाही. त्याने कुठेतरी १८६५० हा आकडा वाचलेला असतो. जुन्या लॅपटॉपमधून निघणारा हा लिथियम-आयन सेल: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. त्याचेही नाममात्र ३.६ व्होल्टच. तीन पेन्सिल सेलांची जागा एकट्याने घेणारा हा भिडू. बारीक पेन्सिल सेलात ८०० मिलीअँपिअर-तास असतील, तर यात सहज २५००, म्हणजे एका चार्जिंगवर तिप्पट उजेड.

मग घालायचा का? मापाची अडचण फारशी नाही. साडेदहा मिलिमीटर जाडीचे तीन सेल त्रिकोणात ठेवले, की त्यांच्याभोवतीचं वर्तुळ साडेबावीस मिलिमीटरचं होतं. त्यात १८ मिलिमीटरचा सेल सैल बसतो. भोवती पुठ्ठा गुंडाळला की काम झालं. लांबी पुरत नसेल तर १८५०० हा आखूड भाऊ आहे, ५० मिलिमीटरचा. पण सेल बसला म्हणजे बॅटरीला तो मानवला, असं नाही. माझ्या मते या विषयातली सगळी गंमत या फरकात आहे.

स्वस्त बॅटरी उघडून पाहा. एलईडी, स्प्रिंग, बटण. प्रवाहाला लगाम घालणारा सर्किटचा तुकडा बऱ्याचदा नसतोच. एलईडी तर मोठा हावरा घटक. व्होल्टेज जरासं वाढलं की प्रवाह कित्येक पटींनी चढतो. मग तो जळत कसा नाही? कारण पेन्सिल सेल अशक्त असतात! प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा अंतर्गत रोध असतो. नव्या बारीक अल्कलाइन सेलात तो ०.१५ ते ०.३ ओहम भरतो आणि सेल वापरला जाईल तसा वाढतो. तिघांचे साडेचार व्होल्ट मोकळे असताना दिसतात. प्रवाह सुरू झाला की त्यातला काही भाग सेलच्या आतच खर्ची पडतो. ज्याला आपण सेलचं वैगुण्य समजतो, त्याच्याच भरवशावर कारखानदाराने दोन पैसे वाचवलेले असतात.

गच्चीवरच्या दोन टाक्या डोळ्यांपुढे आणा. एक उंच चौथऱ्यावर, पण तिचा नळ अर्ध्या इंचाचा. दुसरी थोडी खाली, पण तिला चार इंची पाइप. खाली बादली भरताना कुठली जोरात भरेल? पेन्सिल सेल म्हणजे पहिली टाकी. पूर्ण भरलेला १८६५० हा ४.२ व्होल्टचा, म्हणजे उंचीला कमी, पण त्याचा अंतर्गत रोध पेन्सिल सेलाच्या काही अंशांएवढाच. एलईडीवर लोंढा येतो, तो तापतो, निळसर होतो आणि काही दिवसांत मंदावतो. उपाय काही रुपयांचा आहे: दीड ओहम, दोन वॅटचा रेझिस्टर एकसरीत डकवायचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. सेल मात्र संरक्षक सर्किट असलेलाच घ्या, कारण अडीच व्होल्टच्या खाली लिथियम सेल आतून बिघडतो आणि साधी बॅटरी त्याला तिथे थांबवत नाही. चार्जरही लिथियमचाच हवा. यात काटकसर करू नका.

दोन पेन्सिल सेलांच्या बॅटरीसाठी त्याहून देखणी युक्ती आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, पेन्सिल सेलाच्याच मापाचा सेल मिळतो, ३.२ व्होल्टचा. दोन साध्या सेलांचे होतात ३. म्हणून एका जागी हा सेल घालायचा आणि दुसऱ्या जागी ‘डमी’: सेलाच्या आकाराचा, नुसता वीज पलीकडे पोचवणारा तुकडा. दोन्ही जागी लिथियम घालाल तर ६.४ व्होल्ट होतील आणि दिवा जाईल.

आणि या फॉस्फेटपाशी मला थांबावंच लागतं. जॉन गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालं. ते रास्तच होतं. पण लोह-फॉस्फेटचा मूळ निबंध काढून पाहा. तो १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. लेखक तीन: अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि शेवटी गुडइनफ. पहिली दोन नावं भारतीय आहेत, आणि आपल्याकडे ती किती जणांना ठाऊक आहेत? अनेक लिथियम-आयन सेलांत असणारं कोबाल्ट ऑक्साइड फार तापलं तर त्यातला ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच खाद्य मिळतं. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसने ऑक्सिजन घट्ट धरून ठेवलेला असतो. शिवाय महागड्या कोबाल्टच्या जागी लोखंड! आज विजेवरच्या बस आणि मोटारी मोठ्या संख्येने या रसायनावर धावतात. शाळेच्या पुस्तकात गुडइनफ यांच्या शेजारी पाढी आणि नंजुंडस्वामी असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

सेल विकत घेताना एक पथ्य पाळा. ‘९९००’ मिलीअँपिअर-तास असा आकडा मिरवणारे १८६५० सेल बाजारात सर्रास दिसतात. तो आकडा खोटा असतो. चांगल्या कारखान्यातल्या या मापाच्या सेलाची मजल साधारण ३५००पर्यंत जाते. घरात वजनकाटा असेल तर सेल तोलून पाहा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याहून बराच हलका भरला तर आत माल कमी आहे.

राहिली घरातली जुनी, दोन मोठ्या सेलांची, तारेच्या दिव्याची बॅटरी. अशी नळकांड्याची बॅटरी पहिल्यांदा बनवली डेव्हिड मिसेल यांनी न्यूयॉर्कमध्ये. पेटंट १० जानेवारी १८९९चं. नाव मोठं झालं ते मालक कॉनराड ह्यूबर्ट यांचं आणि त्यांच्या कंपनीच्या ‘एव्हरेडी’चं. तेव्हाचे सेल इतके दुबळे होते, की दिवा क्षणभरच लावायचा आणि सेलांना विसावा द्यायचा. इंग्रजीत तिला ‘फ्लॅशलाइट’ हे क्षणिक चमकेचं नाव पडलं ते त्यामुळेच. मिसेल यांची नळी कागदाची होती. आपलंही काम कागदावर भागतं. मोठ्या सेलाच्या जागी चार्ज होणारा नेहमीचा पेन्सिल सेल घालायचा. तो साडेचौदा मिलिमीटर जाड, मोठा सेल चौतीस. मधली जागा जुन्या कॅलेंडरचं जाड पान घट्ट गुंडाळून भरायची. लांबीतली अकरा मिलिमीटरची उणीव प्रत्येक सेलामागे दोन-तीन नट ठेवून काढायची.

‘पण १.२ व्होल्टचे सेल दीडच्या जागी मंद लागतील ना?’ अशी शंका येईल. दिव्याच्या पितळी गळ्यावर छापलेला आकडा भिंगातून वाचा. दोन सेलांच्या बॅटरीसाठी बनलेला पीआर-२ हा दिवा ३ व्होल्टचा नसून २.३८ व्होल्टचा आहे, कारण मोठे सेलसुद्धा भार पडताच खाली येणार हे दिवा बनवणाऱ्याने आधीच धरलेलं होतं. निकेलचे दोन सेल देतात २.४. दिवा ओढतो अर्धा अँपिअर, सेलात आहेत दोन अँपिअर-तास: चार तास, जवळजवळ एकसारखा पिवळा उजेड.