बी आधी वाळवा, मग गार करा

"बी फ्रिजमध्ये जपून ठेवलं होतं, तरी एकही उगवलं नाही. दुकानदाराने फसवलं." मृगाचा पाऊस तोंडावर आला की गच्चीत, बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांकडून हे हमखास ऐकू येतं. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: पुढच्या वेळी झाकण आणखी घट्ट लावा. वर्षानुवर्षं हेच ऐकून आता वैताग येतो, कारण चांगलं बी मरतं ते बऱ्याचदा या सल्ल्यामुळेच.

गैरसमज : फ्रिजमध्ये ठेवलं की बी टिकतं

वस्तुस्थिती : बी टिकण्याची पहिली अट कोरडेपणा आहे. थंडाव्याचा नंबर त्यानंतर लागतो.

बी हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि हवा कोरडी असेल तर आपली ओल सोडतं. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत कागदी पुडीत राहिलेलं मक्यासारखं पिठूळ बी हळूहळू १४ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त ओल धरतं. हाताला मात्र ते खडखडीत कोरडंच लागतं. तेच बी आपण बरणीत भरतो आणि झाकण आवळतो, म्हणजे ओलही बियासोबत आत कोंडतो. ओल ८-९ टक्क्यांच्या वर असेल तर भुंगे वाढू शकतात, १२ ते १४ टक्क्यांच्या पुढे गेली की बुरशी धरते. त्याहून ओलं बी कुणी डीप फ्रीझरमध्ये टाकलं, तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशीच फाटतात.

ओल मोठी की थंडावा मोठा, यावर वाद घालणाऱ्यांनी अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम पाहावा. ओल १ टक्क्याने कमी झाली की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं तरी साधारण दुप्पट होतं. ओलीचा नियम ५ ते १४ टक्क्यांच्या टप्प्यात लागू पडतो. आता हिशेब करा. ३० अंशांवरचं बी फ्रिजच्या ५ अंशांवर नेलं, तर आयुष्य पाच वेळा दुप्पट झालं, म्हणजे ३२ पट. ओल १४ वरून ७ टक्क्यांवर आणली, तर सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट, तेही विजेशिवाय. दोन्ही केलं तर फायद्यांचा गुणाकार होतो. पण नुसत्या फ्रिजवर विसंबलात, तर पुडी ठेवली जाते भाजीच्या कप्प्यात, आणि तो कप्पा भाजी सुकू नये म्हणून मुद्दामच दमट ठेवलेला असतो.

जगातल्या बीजपेढ्याही याच क्रमाने चालतात. दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात हे अनेकांना माहीत असतं. त्याआधीची पायरी मात्र कुणी सांगत नाही: बी ३ ते ७ टक्के ओलीपर्यंत वाळवतात, ॲल्युमिनियमच्या हवाबंद पाकिटात बंद करतात आणि मगच गोठवतात. आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखेत ठेवलं, त्यामागचं तत्त्वही हेच. कोरडी राख ओल ओढून घेते आणि भुंग्यांची वाट अडवते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभारली, तीही याच घरगुती शहाणपणावर.

घरी काय करायचं? बी सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरा. पत्र्यावर किंवा भर उन्हातल्या गच्चीवर नको. वाळवताना तापमान ३५ अंशांच्या आत राहिलेलं बरं. हवा दमट असेल तर सावलीतही ओल एका मर्यादेखाली उतरत नाही. अशा वेळी बियाच्या वजनाइतकी सिलिका जेल किंवा कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ कापडी पुरचुंडीत बांधा आणि बियासोबत आठवडाभर बरणीत ठेवा. मग काकडीचं किंवा भोपळ्याचं एक बी दोन बोटांत धरून वाकवा. वाकलं तर अजून ओल आहे. कट्‌कन तुटलं तर बरणी बंद करायला हरकत नाही. वालाचं बी हातोडीने ठेचून पाहा: चुरा झाला पाहिजे, चपटं होता कामा नये.

आता फ्रिज खुशाल वापरा. फक्त बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका. पावसाळी हवेत गार काचेवर पाणी सुटतं. झाकण उघडं असेल तर तेच पाणी आत बियांवर जमतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाते. बरणी रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी उघडा. वारंवार उघडावी लागू नये म्हणून छोट्या पुड्या करा.

गैरसमज : पाकिटावरची मुदत संपली, बी मेलं

त्या तारखेपर्यंत विक्रेता उगवणीची हमी देतो, एवढाच तिचा अर्थ. चांगलं साठवलं तर कांद्याचं बी साधारण वर्षभर, मिरची आणि भेंडीचं दोनेक, टोमॅटो-वांग्याचं चारेक, काकडीचं पाचेक वर्षं टिकतं. तर्क करण्यापेक्षा तपासा: २० बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून झाकलेल्या डब्यात ठेवा आणि कापड ओलसर राखा. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के. १० उगवल्या तर दुप्पट बी पेरा.

गैरसमज : शंभरातलं शंभर उगवायलाच हवं

प्रमाणित बियाण्याच्या सरकारी मानकातही किमान उगवण टोमॅटोला ७०, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के धरलेली आहे. घाईही नको. प्रयोगशाळेत काकडीची शेवटची मोजणी आठव्या दिवशी करतात, टोमॅटो आणि मिरचीची चौदाव्या, भेंडी आणि कोथिंबिरीची एकविसाव्या. पाचव्या दिवशी कुंडी उकरणाऱ्यांनी आधी हे आकडे वाचावेत.

गैरसमज : पाण्यावर तरंगलेलं बी पोकळ

ही रीत भातातून आली. ३ टक्के मिठाच्या पाण्यात भाताचं पोचट बी वर येतं आणि तिथे ती उपयोगाचीच आहे. टोमॅटो, झेंडू, दोडका यांचं चांगलं बीसुद्धा सालीत अडकलेल्या हवेमुळे तरंगतं. ते फेकू नका.

गैरसमज : प्रत्येक बी रात्रभर भिजवावं

कारलं, दोडका, भेंडी यांची साल कठीण, त्यांना भिजवल्याने फायदा होतो. घेवडा किंवा सोयाबीन पाण्यात बुडवून ठेवलं तर बी पाणी फार वेगाने ओढतं, दुभंगतं, गुदमरतं. ते थेट ओलसर मातीत लावा. तुळशीच्या बियाला बुळबुळीत आवरण येतं, तीही कोरडीच पेरा.

गैरसमज : खोल पेरलं की मूळ घट्ट धरतं

बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल असावं. लेट्यूससारखं बारीक बी तर नुसतं मातीवर भुरभुरावं. त्याला उजेड लागतो.

गैरसमज : धणे पेरले तसे उगवतात

एका धण्यात दोन बिया असतात. हलक्या हाताने रगडून दोन दलं वेगळी करा, मग पेरा.

गैरसमज : आंब्याची कोय वाळवून ठेवावी

आंबा, फणस, जांभूळ यांचं बी वाळलं की मरतं. वर सांगितलेला एकही नियम त्यांना लागू नाही. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत लावा.

गैरसमज : संकरित बी वांझ असतं

साफ चूक. संकरित टोमॅटोच्या फळातलं बीही उगवतं, फक्त पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. वांझ बियाण्याचं 'टर्मिनेटर' तंत्र जगात कुठेही बाजारात आलेलं नाही. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने अशा वाणाच्या नोंदणीला बंदी घातली आहे. दरवर्षी तेच वाण हवं असेल तर गावठी किंवा सरळ वाणाचं बी धरा.

यंदा बी धराल तेव्हा पुडीवर वाणाचं नाव आणि बी धरल्याचा महिना लिहा, पेरणीच्या दोन आठवडे आधी २० बिया ओल्या कापडात तपासा, आणि ज्याला बी द्याल त्यालाही हा क्रम सांगा: आधी वाळवा, मग बंद करा, मग गार करा. एवढं करूनही उगवलं नाही, तरच दुकानदाराला जाब विचारा.