गरुडाचा घाम आणि भोयांचे खांदे

तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या नाचियार्कोविलच्या श्रीनिवास पेरुमाळ (विष्णू) मंदिरातला दगडी गरुड वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी या तमिळ महिन्यांत, मिरवणुकीला निघतो. इथे पहिला मान देवीचा, म्हणून पुढे वंजुळवल्ली तायार आणि मागे गरुडावर आरूढ पेरुमाळ. आतून निघताना गरुडाला चौघं खांदा देतात. मग आठ, सोळा, बत्तीस, आणि रस्त्यावर येईतो चौसष्ट. परत आत जाताना हाच आकडा उलटा उतरत जातो. गरुड पावलागणिक जड होतो आणि त्याच्या अंगावर घाम फुटतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

मला दोन्ही पाहायचं होतं, घामही आणि खांदेही. जवळ दोन साधनं होती: गळ्यात 8×42 ची दुर्बीण आणि तिकाटण्यावर 20 ते 60 पॉवरचा, 65 मिलिमीटर भिंगाचा स्पॉटिंग स्कोप. रायफल रेंजवर 50 मीटरवरच्या कागदी टार्गेटमधलं 5.6 मिलिमीटरचं भोक कुठे पडलंय ते पाहायला असाच स्कोप लावतात. खुद्द ऑलिंपिकच्या रायफलीवर मात्र दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा 10.4 मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ त्यानं बिनभिंगाच्या, बारीक छिद्राच्या साइटमधूनच साधलं होतं.

मिरवणुकीला वेळ होता, म्हणून आधी रस्त्यापलीकडच्या दिव्यांच्या दुकानावर स्कोप लावला. हे गाव पितळी समयांचं. दुकानाच्या तोंडाशी सारख्या उंचीच्या समया दाटीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या माथ्यावर हंस. अंतर वीसेक मीटर. 20 पॉवरला पाऊण मीटरचा गोल दिसत होता आणि त्यात तीन हंस आरामात मावत होते. झूमची कडी फिरवत 60 वर नेली तेव्हा गोल जेमतेम एक फुटाचा उरला. त्यात एकच हंस, पण त्याच्या पंखावरची कानशीची रेघ न् रेघ मोजता येत होती. शेजारचे दोन हंस कडेला सरकत सरकत नाहीसे झाले.

हे का होतं? पुढचं भिंग समोरच्या दृश्याची एक लहानशी प्रतिमा नळीत उभी करते. ती आपण डोळ्याजवळच्या भिंगातून, एका गोल कड्यातून पाहतो. पॉवर वाढवणं म्हणजे प्रतिमा मोठी करणं. कडं तेवढंच राहतं. मग मोठ्या झालेल्या चित्राचा लहान तुकडाच त्यात बसतो. शिकारी रायफलीच्या 3 ते 9 पॉवरच्या स्कोपमध्ये हा हिशेब अगदी सरळ असतो. 100 मीटरवर 3 पॉवरला साधारण 11 मीटर रुंदी दिसते, तर 9 ला पावणेचारच्या आसपास. रुंदी तिपटीनं घटली की क्षेत्रफळ नऊपटीनं घटतं, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पुढचं भिंग मोठं घेतलं की जास्त रुंद दिसेल, हा समजही खोटा. मोठं भिंग उजेड देतं, रुंदी देत नाही. स्पॉटिंग स्कोपच्या झूममध्ये थोडी सवलत मिळते: पॉवर वाढते तसा डोळ्यासमोरचा गोलही जरा फैलावतो. म्हणून तिप्पट पॉवरला रुंदी एक तृतीयांशावर न येता निम्म्याच्या थोडी खाली थांबते.

गोपुर पाच मजल्यांचं, सुमारे 23 मीटर उंच. साठेक मीटरवरून 8 च्या दुर्बिणीत त्याचा जवळपास आठ मीटरचा भाग दिसतो, म्हणजे पायापासून कळसापर्यंत तीन नजरा. स्कोपमध्ये 60 पॉवरला फक्त एक मीटर. एखाद्या मूर्तीचा चेहरा सापडतो, पण ती कितव्या मजल्यावर आहे ते डोळा काढून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

काळोख पडू लागला, वाद्यं जवळ आली. शेजारी कुंभकोणमचे एक वयस्क मराठी गृहस्थ उभे होते. व्यंकोजीराजांच्या तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांपैकी एक त्यांचं. स्कोप 60 वरच होता. त्यांनी डोळा लावला, इकडेतिकडे हलवला.

“गरुड कुठं आहे हो? मला नुसतं काळं दिसतंय.”

“थांबा मामा, पॉवर उतरवतो. आता बघा.”

20 वर येताच त्यांना गरुडाची चोच सापडली. मोठ्या पॉवरला नेम जरा चुकला तरी दृश्य गोलाबाहेर जातं, आणि हलती वस्तू तर डोळा लावेपर्यंत निसटते. म्हणून आधी कमी पॉवरला शोधायचं, मध्यावर आणायचं आणि मगच वाढवायचं. रायफलवाल्यांनाही हेच शिकवतात. त्यातून उजेडाचा प्रश्न वेगळा. भिंगाच्या व्यासाला पॉवरनं भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 60 ला ती जेमतेम एक मिलिमीटर, 20 ला सव्वातीन, 8×42 ला सव्वापाच. अंधारात बाहुली रुंदावलेली असताना एक मिलिमीटरचा झोत फार अपुरा.

घामासाठी मी 40 पर्यंत चढवून पाहिलं. गरुडाच्या छातीवरचा हार आणि ओलसर चकाकी दिसली. ती घामाची, अभिषेकाच्या पाण्याची की तेलाची, हे भिंग सांगू शकत नाही. पण त्या गोलात एकाही माणसाचा खांदा नव्हता. गळ्यातली दुर्बीण उचलली तेव्हा कुठे दांड्यांखालची माणसं दिसली. पुढच्या रांगेतला एकजण मान वाकडी करून खांदा बदलत होता आणि त्याच्या मागच्याचा हात आधीच दांड्याखाली गेला होता. हा मेळ एका माणसावर नजर ठेवून कळत नाही, त्याला रुंदी लागते. माझ्या मते या मिरवणुकीतलं सर्वांत पाहण्यासारखं तेच आहे.

परतीच्या वाटेवर भोई कमी होत जातात, तशी लागणारी रुंदीही घटते. तेव्हा स्कोप 20 वरून 30 वर नेता येतो. त्यापुढे उजेड पुरत नाही, आणि गरुड दारातून आत वळला की रस्त्यावरून कुठल्याही पॉवरला तो दिसत नाही.