चाकांवरचं घर घेऊन एडक्कलला

आज बोलायचंय ते कॅम्परव्हॅनच्या सहलीबद्दल. म्हणजे आत पलंग, छोटा ओटा आणि संडास असलेली गाडी भाड्याने घेऊन डोंगरावरचे खडक बघायला कसं जायचं. मी राहतो म्हैसूरला आणि आमचं ठिकाण होतं वायनाडमधलं एडक्कल. आम्ही तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो ते काहीच न बघता परत आलो, म्हणून आधी तेच सांगतो.

गाडी घेतली ती आईसाठी. तिचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखतात आणि प्रवासात तिची एकच धास्ती असते, वाटेत जायला जागा मिळेल का? त्या भीतीने ती सकाळपासून पाणीच पीत नाही. गाडीतच संडास आहे म्हटल्यावर पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, "मग मी येते." घरात आम्ही पाच जण. रविवारी संध्याकाळी साडेसातला आरामात निघालो. घर बरोबर आहे, घाई कसली! नंजनगूडला गर्दी लागली, गुंडलुपेटला चहा झाला, आणि बंदीपूरच्या जंगलाच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. फाटक बंद.

हे फाटक नीट समजून घ्या. म्हैसूरहून वायनाडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 766 बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातो. रात्री गाड्यांखाली जनावरं मरतात म्हणून 2009 पासून इथे रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका आणि ठरावीक बस सोडल्या तर कोणालाच सोडत नाहीत. उटीकडे जाणाऱ्या रस्त्यालाही हाच नियम. जंगलाच्या आत मध्येच गाडी उभी करायलाही मनाई आहे. म्हणजे ज्या गाडीचं सगळं सुख 'वाटेल तिथे थांबा' यात, तिला इथे थांबताच येत नाही.

मागे फिरून गुंडलुपेटच्या एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला. एसी लावला, तो तासाभरात बंद पडला. त्याचं गणित मला नंतर कळलं. गाडीतली घरगुती बॅटरी होती 12 व्होल्ट, 200 ॲम्पियर-अवरची. गुणाकार केला की 2400 वॅट-अवर. पण साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. उरले 1200. एसी खातो साधारण 1000 वॅट, म्हणजे जेमतेम सव्वा तास. तेच 30 वॅटचा पंखा आठ तास चालला तरी 240 वॅट-अवरच लागतात. जाहिरातीत 'एसी कॅम्परव्हॅन' लिहिलेलं असतं, पण रात्री एसी चालवायचा तर बाहेरून वीज घ्यावी लागते किंवा जनरेटर लागतो, हे आपणच विचारायचं. त्या रात्री दारं उघडी ठेवून डास मारत बसलो. सकाळी सहाला फाटकातून निघालो आणि गुहेच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. एडक्कल सोमवारी बंद असतं. तो सोमवार होता.

आई काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर मात्र तिने पाणी पिणं पुन्हा बंद केलं.

दुसऱ्या वेळी मी आखणी उलटीकडून केली. आधी 'कुठे जायचं' नाही, तर रात्री गाडी कुठे उभी राहणार ते ठरवलं. अंबलवयलच्या बाजूला एक होमस्टे शोधला. फोनवर तीनच प्रश्न विचारले: अंगण सपाट आहे का, फाटकाच्या वर झाडाच्या फांद्या किंवा तारा किती उंचीवर आहेत, आणि 16 ॲम्पियरचा प्लग बाहेर मिळेल का. अंगण सपाट का, तर गाडी कलती असली की रात्रभर झोपणारा घसरत राहतो आणि बेसिनचं पाणी तुंबतं. फांद्यांचं विचारलं कारण या गाड्यांच्या छतावर एसीचं खोकं असतं. ड्रायव्हरला आपली उंची माहीत असते, पण त्या खोक्याची आठवण राहत नाही.

पाण्याचाही हिशेब केला. टाकी 100 लिटरची. एका अंघोळीला एक बादली म्हणजे 15 लिटर, पाच जणांचे 75. मग भांडी आणि संडासाला उरतं काय? म्हणून अंघोळी होमस्टेत, गाडीतलं पाणी फक्त गरजेला. आणि मैल्याची टाकी रिकामी करायची ती होमस्टेच्या सेप्टिक टँकमध्येच, मालकाला आधी विचारून. लोक ओढ्यात ओततात, मी पाहिलंय. कबिनी नदी वायनाडातच उगम पावते आणि तिचं पाणी आमच्या म्हैसूरच्या नळाला येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गाडी पिवळ्या पाटीची असेल तर केरळात शिरताना परवाना आणि कर लागतो. तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे लेखी घ्या. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी गाडी तिकडून आणण्यात दोन-तीन दिवस आणि डिझेल घालवू नये. दादरहून शरावती एक्स्प्रेसने म्हैसूरला या आणि गाडी इथून किंवा बेंगळुरूहून घ्या. कोणी म्हणेल, उटीच का नको? उटीला 2024 च्या मेपासून ई-पास लागू झाला, आणि मसिनगुडीकडून चढायचं तर कल्हट्टीच्या घाटात 36 आकडी वळणं. अवजड गाडीत आईला बसवून मी तो घाट चढणार नाही. पावसाळाही टाळा. 30 जुलै 2024 ला मुंडक्कई-चूरलमलाला दरड कोसळली ती याच जिल्ह्यात.

मंगळवारी सकाळी सातला म्हैसूर सोडलं. साधारण 130 किलोमीटर अंतर, पण आम्ही चार तास धरले. गुंडलुपेटला सगळ्यांनी संडास उरकला, कारण पुढे जंगलात थांबता येत नाही आणि चालत्या गाडीत उठायचं नाही, आईने तर नाहीच. मुत्तंगा ओलांडलं तसं तिने बाटली मागून घेतली आणि घटाघट पाणी प्यायली.

आता एडक्कल. आपण गुहा म्हणतो, पण ती खरी गुहा नाही. अंबुकुत्ती डोंगरावर एका प्रचंड खडकाला उभी भेग पडली आहे आणि वरून घसरलेला धोंडा त्या भेगेत अडकून बसलाय. तोच झाला छप्पर. नावाचा अर्थच 'मधला दगड'. वरची खोली सुमारे 96 फूट लांब आणि 22 फूट रुंद, आणि तिच्या भिंतींवर माणसांच्या, प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. रंगवलेल्या नाहीत, दगडात खोल घासून काढलेल्या. काही माणसांच्या डोक्यावर मोठाले शिरपेच. त्यांतल्या जुन्या आकृत्या नवाश्मयुगातल्या मानतात, आणि शेजारी ब्राह्मी लिपीतले लेखही आहेत. फॉसेट नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने 1890 च्या दशकात ही जागा जगासमोर आणली.

पण तिथे जायला आधी उभा चढाचा रस्ता आणि मग तीनशेच्या वर पायऱ्या, काही ठिकाणी लोखंडी जिने. गाडी कितीही सोयीची असो, शेवटचा चढ पायांनीच. मी हे आईला निघण्याआधीच सांगितलं होतं. पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं, 'बघू तिथे गेल्यावर' म्हणालो होतो. तीच माझी खरी चूक, बॅटरीची नव्हे.

आम्ही दोन तुकड्या केल्या. मी आणि मुलगी आधी वर गेलो, बायको आणि मुलगा नंतर. आई अंबलवयलच्या वायनाड वारसा संग्रहालयात. तिच्याजवळ कायम कोणीतरी होतं. मी खाली आलो तेव्हा ती एका दगडापुढे खुर्ची घेऊन बसली होती.

"हे बघ, वीरगळ," ती म्हणाली. "आपल्या गावच्या देवळामागे आहे ना, तसाच. तू लहानपणी त्याच्यावर चढून बसायचास."

मला ते आठवत नव्हतं. मग तिने गावाकडच्या त्या दगडावर कोणाचं चित्र होतं, त्याच्यावर शेंदूर कोण लावायचं, सगळं सांगितलं. पाचला निघायचं ठरलं होतं, नऊच्या फाटकाआधी भरपूर वेळ राखून. तिला उठवायला साडेपाच झाले.