बार्शीची कॅन्सर नोंदवही

शहरात कॅन्सरचे रुग्ण मोजायचे तर रुग्णालयांच्या फायली चाळाव्या लागतात. केसपेपर, बायोप्सीचा अहवाल, मृत्यूचा दाखला, एवढं हाती आलं की नोंद पक्की. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केलेली नोंदणी अशीच चालली. पण परंडा किंवा भूम तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरची बाई आजारी पडली, जवळच्या डॉक्टरकडून दोन-चार इंजेक्शनं घेऊन घरी परतली आणि सहा महिन्यांनी गेली, तर तिची फाइल शोधायची कुठे? तिच्या आजाराला कुणी नावच दिलेलं नसायचं. सरकारी आकडेवारीत ती नसायची, त्यामुळे तिचा आजारही नसायचा.

हे कोडं सोडवायला १९८७ मध्ये बार्शीत एक नोंदणी केंद्र सुरू झालं. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचा तिला आधार होता आणि आयसीएमआरच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमात तिचा समावेश होता. काम चाललं ते बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयातून. आखणीत दोन नावं ठळक होती: टाटामधल्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी ती मराठवाड्याच्या वेशीवर आहे. एके काळी 'बार्शी लाइट'ची छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरपर्यंत जायची. बाजार, सोयरिकी आणि दवाखाना या तिन्हींसाठी पलीकडच्या तालुक्यांचे पाय इकडे वळत. म्हणूनच नोंदणीसाठी बार्शीच्या जोडीला उस्मानाबाद जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके घेतले गेले. तीन तालुके, ३४६ गावं, चार-पाच लाखांची वस्ती.

कागद नाही म्हटल्यावर कर्मचारी थेट गावात जाऊ लागले. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, दाई यांना भेटायचं. ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर पाहायचं. देवळात किंवा शाळेत बैठक घ्यायची आणि नेमकी लक्षणं सांगायची: पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ. असं कुणी आहे का, हे विचारायचं. कुणी सापडलं की नाव टिपून निघून जायचं नाही, तर त्या माणसाला बार्शीला तपासणीसाठी आणायचं. थोड्या महिन्यांनी पुन्हा त्याच गावात.

संख्याशास्त्राच्या कडक शिस्तीत हे बसत नाही. मोजणाऱ्याने फक्त मोजावं, असं ती शिस्त सांगते. बार्शीत मोजणाराच रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोहोचवत होता आणि त्याचा परिणाम आकड्यांत उतरला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण पहिल्या चार-पाच वर्षांतच वाढलं. कोणतंही नवं यंत्र न आणता, केवळ बैठकांमुळे. जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये मांडला.

नोंदवहीने आणखी एक गोष्ट दाखवली. वयाचा फरक जमेस धरून तुलना केली, तर या गावांत कॅन्सरचं एकूण प्रमाण मुंबईच्या जवळपास निम्मं होतं. बायकांच्या यादीत मात्र गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिला होता आणि मुंबईपेक्षा जास्त होता; मुंबईत तेव्हा स्तनाचा कॅन्सर पुढे सरकत होता. कमी वयात लग्न आणि अनेक बाळंतपणं यांनी या आजाराचा धोका वाढतो. मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू. ते दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. संसर्ग बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप जातो. काहींच्यात तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला त्यानंतर बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. तेवढ्या काळात एकदा जरी नीट तपासणी झाली, तरी पुढचं टळू शकतं.

तपासणी कोणती, हा खरा प्रश्न होता. पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणीने मृत्यू कमी झाले, पण तिला काचपट्ट्या वाचणारे तज्ज्ञ लागतात आणि बाईला पुन्हापुन्हा बोलवावं लागतं. दुसरी पद्धत सोपी. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक ॲसिड चार टक्क्यांचं करून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा उमटतो. प्रखर दिवा, एक पडदा आणि शिकलेली परिचारिका एवढ्यावर हे भागतं, आणि निकाल तिथल्या तिथे. याला व्हीआयए म्हणतात. तिसरी एचपीव्ही चाचणी. छोट्या ब्रशने नमुना घेऊन बाटलीत घालायचा आणि प्रयोगशाळेत विषाणूचा डीएनए शोधायचा. महाग, पण निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नाही.

या तिन्हींची कसोटी ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात लागली. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिओं इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. नेतृत्व डॉ. आर. शंकरनारायणन यांचं, पैसा गेट्स फाउंडेशनचा. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि प्रत्येकी तेरा गट चिठ्ठीच्या न्यायाने चार भागांत वाटले. तीन भागांत एकेक चाचणी, चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका यात होत्या. पोटात दुखत नसताना कमरेखालची तपासणी करून घ्यायला गावची बाई येईल का, अशी शंका होती. बोलावलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के बायका आल्या. तरुण, थोड्याफार शिकलेल्या आणि कुटुंबनियोजनाची साधनं कधीतरी वापरलेल्या बायका जास्त आल्या. वयस्क आणि विधवा बायका मागे राहिल्या.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापला. त्यातले आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. एचपीव्ही चाचणीच्या भागात १२७ बायकांना कॅन्सर निघाला, चाचणी नसलेल्या भागात ११८ जणींना. वरवर पाहता चाचणीने काहीच साधलं नाही. पण बळावलेला कॅन्सर पहिल्या भागात ३९ जणींना होता आणि दुसऱ्यात ८२ जणींना. मृत्यू पहिल्यात ३४, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने आठ वर्षांतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पॅप आणि व्हीआयए यांच्या एका फेरीने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. चाचणी 'निगेटिव्ह' आलेल्या बायकांत पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्हीच्या भागात दर लाखामागे वर्षाला ३.७ होतं, व्हीआयएच्या भागात १६.

व्हीआयए यामुळे बाद ठरत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी ती करून घेतली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे परत परत करता येणार असेल तर स्वस्त चाचणी चालते. बाई एकदाच हाती लागणार असेल तर एचपीव्हीच हवी.

एक बोचरा प्रश्न या प्रयोगांना चिकटला आहे. चाचणी उपयोगी असल्याचं जगात ठाऊक असताना चौथ्या भागातल्या बायकांना ती का दिली नाही? अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी भारतातल्या अशा प्रयोगांबद्दल ही हरकत लावून धरली. संशोधकांचं म्हणणं असं, की देशात संघटित तपासणी कुठेच नव्हती, तेव्हा चौथा भाग म्हणजे प्रत्यक्षातली स्थिती. दोन्ही बाजू ऐकूनही ते ६४ मृत्यू मनातून जात नाहीत, आणि जाऊही नयेत.

पुढे जगाने या निकालाचं बोट धरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. एचपीव्हीवरच्या लसीच्या बाबतीतही बार्शीचा वाटा आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय लस-अभ्यासाचं ते एक केंद्र होतं. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांचा पाठपुरावा सुटला नाही आणि दहा वर्षांनी दिसलं, की एक डोसही विषाणूच्या चिवट संसर्गापासून उत्तम संरक्षण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता.

आणि घरच्या अंगणात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. तपासणी नसली की भीतीचं फावतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. 'नाही काढली तर कॅन्सर होईल' असं आपल्याला सांगितलं गेलं, असं त्यातल्या अनेकींचं म्हणणं होतं. ही भीती खरी आहे की नाही, हे पाहणारी साधी चाचणी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

नोंदवहीचा पसारा नंतर वाढला. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात मराठवाड्यातून औरंगाबाद आणि उस्मानाबाद-बीड अशा दोन नोंदण्यांचे आकडे आहेत. लातूर आणि नांदेड त्यात नाहीत. १९८२ पर्यंत लातूर उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. नांदेडला आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावोगाव आशा आणि अंगणवाडी सेविका आहेत. १९८७ मध्ये बार्शीच्या कर्मचाऱ्यांना आशांचा आधार नव्हता. या दोन जिल्ह्यांत नोंदणी उभी करायला आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची निदान एकदा एचपीव्ही चाचणी करायला आता नव्या संशोधनाची गरज नाही. लोकप्रतिनिधींनी ही दोन्ही कामं मागावीत आणि आरोग्य खात्याने सुरू करावीत.