सुई कुणाचं ऐकते?

मादन हिप्परग्यात आमच्या घराचा पाया निघाला तेव्हाची गोष्ट. अण्णांनी जुन्या रीतीने खुंटी रोवली, भोवती वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरलं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडलं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडून दोरी ताणली आणि म्हणाले, "ही मूडण-पडुवण."

मी होकायंत्र घेऊन खांबाच्या सळयांजवळ उभा राहिलो. दोरी चांगली दहा अंश चुकलेली दिसली! "अण्णा, तुमचं गणित जुनं झालं," असं गवंड्यांसमोर बोलून बसलो. अण्णा मुकाट्याने उठून आत गेले.

चार दिवसांनी जहाजावर नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर आला. "मामा, जरा लांब चला," म्हणत त्याने मला दोरीच्या रेषेत वीस पावलं मागे नेलं. तिथे सुई आणि दोरी जवळजवळ जुळली!

त्याने समजावलं ते असं. होकायंत्रात दोन चुका येतात. पहिली जवळच्या लोखंडाची. जहाज तर सगळंच लोखंडाचं. म्हणून ते सगळ्या दिशांना फिरवून प्रत्येक दिशेची चूक तक्त्यात लिहितात. यंत्राशेजारी छोटे चुंबक आणि लोखंडी गोळे बसवून ती कमी करतात. दुसरी चूक पृथ्वीची. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, त्याला चुंबकीय दिक्पात म्हणतात. आपल्याकडे तो अंशभराच्या आसपास आहे, पण काही समुद्रांत वीस अंशांपर्यंतही जातो. शिवाय वर्षागणिक बदलतो, म्हणून नकाशावर सालही छापतात. चूक पूर्वेकडे असेल तर अंश मिळवायचे, पश्चिमेकडे असेल तर वजा करायचे. एका अंशाची चूक राहिली, तर साठ किलोमीटरांवर जहाज सुमारे एक किलोमीटर भरकटतं.

लोखंड-विजेपासून दूर जाण्याची ही वेळ मोठ्या वेधशाळेवरही आली होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत. शहरातल्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असं ठरलं, तेव्हा विजेने नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या पोरबंदरी दगडाची बांधली. 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी ठेवून फरक ताडून पाहिला, मगच कुलाब्याचं काम थांबवलं.

वाचकहो, मोबाईलमधल्या होकायंत्रालाही हेच लागू. दिशा पाहताना मोटारसायकल, लोखंडी कपाट, चुंबकाचं कव्हर यांपासून दूर राहा.

त्या संध्याकाळी अण्णांपुढे जाऊन म्हटलं, "तप्पायितु, अण्णा."

अण्णा हसले. "सावलीला लोखंड ओढत नाही रे. पण ते यंत्र जपून ठेव. ढगाळ दिवशी माझी खुंटी काय कामाची?"